शाल, श्रीफळ आणि प्रबंध

जून-जुलै उजाडला की आपल्याकडे गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, पतपेढ्या, गणेश मंडळे, नगरसेवक, हाउसिंग सोसायट्या अशा सगळ्यांनाच या दिवसांत गुणवंत हवे असतात. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात, शालींचे गठ्ठे आणि नारळांचे पोते येऊन पडते, निवेदिका दर पाच मिनिटांनी टाळ्यांचा कडकडाट मागते आणि गुणवंत मंडळी आईवडिलांसह व्यासपीठावर जाऊन फोटो काढून घेतात. यात वाईट काहीच नाही. कष्टाने मिळवलेल्या यशाचे कौतुक चार लोकांत व्हायलाच हवे. आपल्या मुलीचे नाव माईकवरून ऐकताना एखाद्या रिक्षावाल्या बापाची जी छाती फुगते, तिची किंमत शालीच्या किमतीवरून ठरत नसते.

याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्यातल्या ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ८९.५१ टक्के मुलगे. हा मथळा इतका नेहमीचा झाला आहे की, तो तयारच ठेवलेला असावा आणि दरवर्षी फक्त आकडे बदलत असावेत, अशी शंका येते. पण या बाजी मारणाऱ्या मुली पुढे जातात कुठे? दहा वर्षांनी त्यांतल्या किती जणींच्या हातात स्वतःच्या कमाईचे पासबुक असते? हा प्रश्न आपण मथळ्याखाली विचारत नाही. तो विचारणे हेच ज्यांचे काम आहे, असा एक छोटासा विभाग मात्र आपल्या काही विद्यापीठांत आहे. त्याचे नाव स्त्री अभ्यास. आता काही ठिकाणी लिंगभाव अभ्यास असेही म्हणतात. या विभागातल्या मुलामुलींच्या यशाचा फ्लेक्स चौकात लागलेला मी तरी कधी पाहिला नाही. त्या यशाचे कौतुक कसे करावे, हा आजचा विषय आहे.

'स्त्री अभ्यास म्हणजे काय हो? पाककला की शिवणकाम?' असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि स्पर्धा परीक्षा या तीन दारांपलीकडेही विद्यापीठाला दारे असतात, हे आपल्या घरांत फारसे बोललेच जात नाही. म्हणून थोडा इतिहास सांगायला हवा.

देशातल्या स्त्रियांची स्थिती तपासण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ साली एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. १९७४ च्या अखेरीस समितीने अहवाल दिला, तेव्हा स्वातंत्र्यानंतर सारे काही आपोआप सुधारत चालले आहे, या गोड समजुतीला मोठा धक्का बसला. १९०१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये त्या ९३० वर आल्या होत्या. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, मताचा अधिकार मिळाला आणि तरी बाया कमी झाल्या! हे का झाले, याचे उत्तर तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. ते शोधण्यासाठी नव्या अभ्यासाची गरज निर्माण झाली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस.एन.डी.टी.मध्ये, नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ सालीच स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा कक्ष सुरू झाला होता. १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात मुंबईत भरली. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात केंद्र सुरू झाले आणि त्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. म्हणजे या विषयाचा पाया घालणाऱ्यांत महाराष्ट्र अगदी पुढे होता. आपण मात्र आपल्याच अंगणातल्या या झाडाला अनोळखी समजतो.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका विभागाच्या विद्यार्थी कौतुक सोहळ्याला पाहुणी म्हणून जाण्याचा योग आला. विभाग कुठला ते सांगत नाही. त्यांना प्रसिद्धीची हौस नव्हती. जेमतेम साठ खुर्च्यांची खोली. कोणी 'नेट' उत्तीर्ण झाले होते, कोणाला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, कोणाचा पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाला होता. एक बाई लग्नानंतर चौदा वर्षांनी शिकायला आल्या होत्या आणि एम.ए. झाल्या होत्या, त्यांचा मुलगा त्याच वर्षी दहावी झाला होता. दोन मुलगेही होते. (हा विषय फक्त मुलींनी शिकायचा असतो, हाही एक गैरसमज.) फुले दिली गेली, टाळ्या झाल्या. इथवर सगळे नेहमीसारखेच होते.

वेगळे होते ते पुढे. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच मिनिटांत आपण कशावर लिहिले ते सांगायचे होते आणि तेही मराठीतून. कारण मागच्या रांगांत घरची माणसे बसली होती. एका मुलीने ऊसतोड करणाऱ्या बायकांवर लघुप्रबंध लिहिला होता. तिचे स्वतःचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून कारखान्याच्या वाटेने जाणाऱ्यांपैकी होते. ती सांगू लागली, 'आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं दोन, कोयता एक. ऊस बाप तोडतो, आई तोडते. मोळ्या आई बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकपाशी नेते. पहाटेची भाकरी आईची, रात्रीची भाकरी आईची. पण मुकादमाच्या वहीत उचल बापाच्या नावावर. मग माझा प्रश्न असा होता, की त्या एका कोयत्यात माझी आई किती?'

मी तेहेतीस वर्षे बँकेत काढली. वहीत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, याचा अर्थ मला चांगला कळतो. पण वहीत मावत नाही अशी माणसे किती, हे मोजण्याचे शिक्षण आम्हाला कोणी दिले नव्हते. कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना असे. चार म्हशींचे दूध काढणारी, शेतात खुरपणारी, दोन सासरे-दीर आणि तीन पोरे सांभाळणारी बाई समोर बसलेली असे आणि रकान्यात लिहिले जाई 'घरकाम'. जनगणनेतही नुसते घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या वर्गात जाते. त्या मुलीने पदवीसाठी जो प्रश्न विचारला, तो एका अर्थी देशाच्या हिशेबनीसाला विचारलेला प्रश्न होता. असा प्रश्न नेमका विचारता येणे, त्यासाठी महिनोन्महिने फडावर जाऊन बायकांशी बोलणे, ते शिस्तीत मांडणे, ही त्या विभागाची खरी गुणवत्ता यादी. ती टक्क्यांत दिसत नाही.

आता टक्क्यांचाच एक हिशेब करू. केंद्र सरकारने २०२४ साली लोक आपला दिवस कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. तिच्यानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामातली रोजची सरासरी २८९ मिनिटे आहे, पुरुषांची ८८. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे रोजचे जवळजवळ साडेतीन तास. एम.ए.च्या दोन वर्षांत या फरकाचे दोन हजार चारशेहून अधिक तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर तीनशे पाच दिवस! हा हिशेब सरासरीचा आहे, प्रत्येक घर वेगळे असते, हे मान्य. पण एकाच वर्गातल्या, सारखेच गुण मिळवलेल्या एका बाईला आणि एका पुरुषाला आपण सारखीच शाल पांघरतो, तेव्हा त्यांतल्या एकीने बहुधा अंगावर वर्षभराचे जास्तीचे काम घेऊन तेवढेच अंतर कापलेले असते. चौदा वर्षांनी शिकायला आलेल्या त्या बाईंना मिळालेला वर्ग कोणता, हे मला आठवत नाही. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची कणीक मळून ठेवून त्या पहाटेच्या एस.टी.ने तासाला यायच्या, हे मात्र लक्षात राहिले.

मुलींच्या विद्येचे जाहीर कौतुक ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे घेतल्या जात आणि त्या पाहायला लोक गर्दी करत. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, ही गोष्ट एका शाळकरी मुलीने तेव्हा लिहिली. आजच्या भाषेत याला जात आणि लिंगभाव यांचा एकत्रित विचार म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. पण त्या निबंधानंतर मुक्ताने आणखी काय लिहिले, पुढे तिचे आयुष्य कसे गेले, याविषयी आपल्या हाती फारसे काही नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचेही तेच. सुरतेच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, सगळी वर्तमानपत्रे बायकांच्या नीतीवर तुटून पडली, तेव्हा संतापून त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. १८८२ साली पुण्यात ती छापली गेली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. जोतिरावांनी तिची जाहीर पाठराखण केली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. पुस्तकही विस्मरणात गेले, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. मध्ये ९३ वर्षे गेली. आज जगभरच्या विद्यापीठांत जे पुस्तक शिकवले जाते, ते जवळजवळ शंभर वर्षे आपल्याकडे कोणी मागितलेही नव्हते.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच सुचते. आपल्याकडे बाईच्या बुद्धीला दाद मिळत नाही असे नाही. दाद मिळते, पण पाठबळ मिळत नाही. पहिल्या निबंधाला टाळ्या आणि दुसऱ्या निबंधाच्या वेळी कागदच नाही. म्हणून गुणगौरवाचा खरा प्रश्न 'काय मिळवलेस?' एवढाच नसून 'आता पुढचे काम करायला तुला काय लागेल?' हा आहे. या विभागांनी तो सगळ्यांत आधी विचारायला हवा, कारण हा इतिहास तेच शिकवतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप घराघरांतला : 'असले काही शिकून मुली घर मोडतात.' बँकेतला माझा अनुभव उलट सांगतो. १९९२ मध्ये 'नाबार्ड'ने बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हा मी तालुक्याच्या गावी होते. बायकांना हिशेब कळू लागला तर घरात भांडणे होतील, असे सांगायला काही मंडळी शाखेत आली होती. भांडणे झालीही असतील. पण ती हिशेबाने झाली नाहीत. हिशेब दडवलेला होता म्हणून झाली. घरातली विषमता मोजणारी मुलगी ती निर्माण करत नसते. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, हे आपल्याला आजारपणात कळते. इतर वेळी विसरायला होते.

दुसरा आक्षेप नोकरीचा आणि तो खरा आहे. 'बाबा, मला यातच एम.ए. करायचंय' असे मुलीने म्हटल्यावर बापाला घाम फुटतो, त्याला प्रतिगामी म्हणून मोकळे होता येत नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या, तासिका तत्त्वावरचे काम बेभरवशाचे. पण दारे अगदीच बंद नाहीत. १९८४ साली मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तेव्हापासून पोलिस ठाण्यांत प्रशिक्षित समुपदेशकांची गरज मान्य झाली आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आणले. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती बंधनकारक केली. कागदावर कायदे भरपूर आहेत. ते समजून राबवणारी माणसे कमी आहेत. हीच माणसे हे विभाग तयार करतात. आणि संशोधनाची कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीला दरमहा पैसे मिळतात. २०२३ साली ती रक्कम ३७ हजार रुपये झाली. कोयत्याच्या घरातल्या मुलीच्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या सहीने निघणारे ३७ हजार! त्या घरापुरती ही क्रांतीच म्हणायची. तरीही समारंभात भाषण करणाऱ्या पाहुण्यांनी नोकरीची अडचण लपवू नये. मुलांना ती माहीत असते आणि पाहुण्यांना माहीत नाही, हेही त्यांच्या लगेच लक्षात येते.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. हे सगळे ज्ञान शेवटी इंग्रजीत जाऊन बसते. ज्या बायकांवर प्रबंध लिहिला, त्यांना तो वाचता येत नाही. वाचून दाखवायलाही कोणी जात नाही. प्रबंध कपाटात किंवा आता संगणकाच्या साठ्यात सुरक्षित राहतो. याला चांगले अपवाद आहेत आणि ते मुद्दाम सांगितले पाहिजेत. पुण्याच्या केंद्राची धुरा सांभाळणाऱ्या शर्मिला रेगे यांनी वर्गातल्या भाषेच्या उतरंडीचा प्रश्न मनावर घेतला होता. ज्याला इंग्रजी येते तो हुशार, हे समीकरण मोडल्याशिवाय फुल्यांचे 'तृतीय रत्न' सर्वांच्या हाती लागणार नाही, ही त्यांची दृष्टी होती. त्यांच्या केंद्रातून २००९ साली दलितांचे अन्न आणि त्याच्या आठवणी यांवरचे एक पुस्तक निघाले, ते वर्गातल्या अभ्यासातून उभे राहिलेले. आपल्या घरी काय शिजत होते आणि ते सांगायची लाज का वाटत होती, हाही विद्यापीठाचा अभ्यासविषय होऊ शकतो, हे त्यातून दिसले. रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले मात्र आज ठिकठिकाणी शिकवत आहेत.

त्याही आधी, १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मराठीत दिले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून केलेले हे काम विद्यापीठाच्या पदवीसाठी नव्हते. पुढे विद्यापीठांनीच ते अभ्यासाला घेतले आणि २००८ मध्ये ते इंग्रजीत गेले. मराठीतून इंग्रजीत, हा क्रम ध्यानात घ्यावा.

म्हणून या विभागांना आणि त्यांच्याबरोबर आपल्या सगळ्यांना माझ्या चार साध्या सूचना आहेत. कौतुक सोहळा जरूर करा, पण त्यात विद्यार्थ्याला बोलू द्या. पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांत आटपा. प्रबंध कुठल्याही भाषेत असो, त्याचा वीस पानांचा मराठी गोषवारा छापा आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या वस्तीत, त्यांच्यासमोर तो वाचा. त्या म्हणाल्या, 'बाई, हे तू चुकीचं लिहिलंस,' तर ती शेवटची तोंडी परीक्षा समजा. तिसरे, पाच वर्षांपूर्वी ज्यांना फुले दिली, ती मुले आज कुठे आहेत याची नोंद ठेवा. कोणी अर्ध्यात सोडले असेल तर का सोडले, तेही लिहा. मध्येच गळालेल्यांची यादी नसलेली गुणवत्ता यादी म्हणजे फक्त जमेची बाजू दाखवणारा ताळेबंद. असा ताळेबंद कोणताही तपासनीस मान्य करणार नाही. आणि चौथे, शालींवरचा खर्च थोडा कमी करून त्यात एखाद्या मुलीच्या वसतिगृहाचे चार महिने भागतात का, ते पाहा.

घरच्यांसाठी सूचना एकच आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कोणी मुलगी किंवा मुलगा हा विषय शिकत असेल, तर 'नोकरी कधी लागणार?' हे विचाराच. तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी एकदा 'तू लिहिलंयस काय?' हेही विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे उठू नका. त्या दिवशी त्या खोलीत भाषणे संपून चहा सुरू झाला, तेव्हा ऊसतोडीवर लिहिणाऱ्या मुलीची आई मागच्या रांगेत तशीच बसून होती. मुलीच्या लघुप्रबंधाची बांधीव प्रत तिच्या मांडीवर होती. तिला वाचता येत नव्हते. शेजारच्या बाईंना तिने विचारले, 'आमच्या कोयत्याचं ह्यात कुठं लिवलंय?' त्या बाईंनी पान काढून ओळीवर बोट ठेवून दिले. तिने ते पान दुमडले नाही, खूण म्हणून बसचे तिकीट त्यात घातले.

तिला व्यासपीठावर कोणी बोलावले नव्हते. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत तेवढी दुरुस्ती करावी, असे मी विभागाला कळवले आहे.